किंवा तत्सम

भाड्यानं वस्तू आणणं हा मराठी मध्यमवर्गाचा जुना उद्योग. लग्नात आपण ताटं-वाट्या भाड्यानं आणतो, स्नेहसंमेलनात मावळ्यांच्या पगड्या भाड्यानं आणतो आणि कादंबऱ्या तर उभं आयुष्य वाचनालयाच्या वर्गणीतच वाचतो. एके काळी पुण्यात सायकलीसुद्धा तासावर मिळायच्या. दुकानदार वहीत नाव लिहायचा, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा आणि म्हणायचा, "वडलांना ओळखतो मी." संपला करार! त्या तीन शब्दांत विमा, अनामत, नुकसानभरपाई आणि तक्रारनिवारण एवढी सगळी कलमं बसायची. चाक वाकडं करून आणलंत तर तो तुम्हाला एक शब्द बोलायचा नाही. बोलायचं ते वडलांशी बोलायचा, आणि उरलेलं काम वडील करायचे.

ही प्रस्तावना एवढ्यासाठी की, भाडं या गोष्टीलाच माझा विरोध आहे असा कोणाचा समज होऊ नये. माझा विरोध एकाच भाड्याला आहे, पण तो कडक आहे. मोठ्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर गाडी भाड्यानं घेताना आपल्याला जो आकडा दाखवतात, तो त्या गाडीच्या भाड्याचा नसतोच. ते गळाला लावलेलं गांडूळ असतं. वीस वर्षं बँकेच्या खिडकीमागे दुसऱ्यांच्या पैशांचे आकडे जुळवत बसलेला, वाणिज्य शाखेचा एक पदवीधर या नात्यानं हे विधान मी पूर्ण जबाबदारीनं करतो आहे. आणि ते हिशेबासकट सिद्ध करणार आहे.

हा धंदा मुळात वाईट नव्हता, बरं का. १९१६ साली अमेरिकेत ओमाहा गावी सॉन्डर्स नावाच्या गृहस्थांनी आपली फोर्ड गाडी भाड्यानं द्यायला सुरुवात केली. गाडीच्या चाकाला मैल मोजणारं यंत्र लावलं आणि दर ठेवला मैलाला दहा सेंट. जितके मैल गेलात, गुणिले दहा, काढा पैसे. चौथीतल्या पोराला जमेल असा हिशेब. पुढे १९४६ साली वॉरन एव्हिस नावाच्या, हवाई दलात नोकरी केलेल्या माणसाच्या लक्षात आलं की, माणूस शेकडो मैल विमानानं झपाट्यानं येतो आणि विमानतळाच्या दाराशी बॅगा घेऊन खोळंबतो. त्यानं डेट्रॉइटजवळच्या विलो रन विमानतळावर भाड्याच्या गाड्या उभ्या केल्या. कल्पना उत्तमच. खोळंबलेल्या माणसाला गाडी द्यावी, हा पहिला शोध. पुढच्या पिढ्यांनी दुसरा शोध लावला, तो असा की खोळंबलेला माणूस कशावरही सही करतो. आजचा धंदा या दुसऱ्या शोधावर चालतो.

आमचा अनुभव लंडनच्या हीथ्रो विमानतळावरचा. माझे साडू ब्रिस्टलला असतात. ते फोनवर म्हणाले, "अहो, रेल्वेची चौघांची तिकिटं कशाला काढता? विमानतळावरच गाडी घ्या. आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं, आणि चार नंबरचा महामार्ग पकडलात की सरळ आमच्याकडे. आठवड्याचे १६१ पौंड." साडूंच्या सल्ल्याबद्दल सौ.समोर मत देण्याची पद्धत आमच्या घरात नाही. त्यामुळे मी गाडी ठरवली. आम्ही उभयता, कन्या आणि सासूबाई. पडद्यावर एक लालचुटूक, चकचकीत गाडी होती आणि तिच्याखाली मुंगीच्या अक्षरात दोन शब्द होते : 'किंवा तत्सम'.

या दोन शब्दांवर एखाद्यानं पीएच.डी. करावी. लग्न जमवणाऱ्या मंडळात स्थळाचा फोटो दाखवून खाली 'किंवा तत्सम' असं लिहिलं आणि मांडवात भलताच नवरा उभा केला, तर चपलांचा खच पडेल. इथे मात्र तो कायदेशीर करार असतो. प्रत्यक्षात आम्हाला मिळाली ती राखाडी रंगाची, आणि तिच्यात सासूबाईंची बॅग मावल्यावर सासूबाई मावेनात.

पण ते पुढचं. हीथ्रोला टर्मिनलं आहेत चार, आणि त्यांचे क्रमांक दोन ते पाच. एक नंबरचं टर्मिनल २०१५ साली बंद केलं आणि बाकीच्यांचे आकडे तसेच राहू दिले. ज्या गावात मोजणीच दोनपासून सुरू होते, तिथल्या हिशेबाबद्दल सावध राहावं, हे माझ्यातल्या कारकुनाला तेव्हाच जाणवलं. भाड्याच्या गाड्या टर्मिनलच्या दाराशी नसतात. कंपनीच्या बसमध्ये बसून विमानतळाच्या कडेकडेनं जायचं, आणि मग कुठे त्यांची कचेरी येते. नऊ-दहा तासांचा विमानप्रवास, मग पासपोर्टची रांग, मग बॅगांची वाट, मग ही बस. माणूस खिडकीपाशी पोहोचतो तेव्हा त्याच्यात फक्त सही करण्यापुरतं बळ उरलेलं असतं. ही योजना कोणी मुद्दाम केली नसेलही. पण मुद्दाम करायची म्हटली असती, तर हिच्याहून चांगली जमली नसती.

खिडकीमागे साउथॉलचा एक पंजाबी तरुण होता. सासूबाईंना बघताच "नमस्ते माताजी" म्हणाला आणि एका क्षणात त्यानं आमच्यातलं एक मत फोडलं. मग सुरू झालं. दुसरा चालक हवा? रोजचे इतके. रस्ता दाखवणारं यंत्र? रोजचे इतके. पेट्रोलची टाकी आधीच विकत घेता का, म्हणजे परत भरायची कटकट नको? ही टाकी भरलेली विकत घ्यायची आणि रिकामी परत करायची असते. अगदी कोरडी परत करणं माणसाला जमत नाही. त्यामुळे उरलेलं पेट्रोल आपण कंपनीला दान करतो आणि कंपनी ते पुढच्याला विकते. दानाचा असा चिरंतन उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आता मुख्य कलम. विमा.

१६१ पौंडांत अपघाताची 'माफी' धरलेलीच होती. 'माफी' हा शब्द नीट बघा. तो विमा नव्हेच. गाडी ठोकली तर मालक तुमच्याकडे सगळी भरपाई मागणार नाही, एवढंच ते मालकाचं वचन. पण त्यातही पहिले १५०० पौंड तुमचे. शिवाय काचा, टायर, छप्पर आणि गाडीचा खालचा भाग या वचनात येत नाहीत. गाडीतून एवढं वजा केल्यावर उरतं काय? हॉर्न आणि आरसे. आणि आरशालाही काच असते.

तर या १५०० पौंडांच्या भीतीतून मोकळं व्हायचं असेल तर रोजचे २४ पौंड द्या, असं तो मुलगा म्हणाला. सात दिवसांचे झाले १६८. म्हणजे गाडीचं भाडं १६१ आणि भीतीचं भाडं १६८! छत्रीच्या भाड्यापेक्षा छत्रीच्या विम्याला जास्त पैसे, हा प्रकार वाणिज्य शाखेच्या कुठल्याही पुस्तकात मला शिकवलेला नाही.

मी तिथेच करारपत्राच्या पाठीवर हिशेब मांडला. रोजचे २४ पौंड म्हणजे वर्षाचे ८,७६०. आणि हे कशासाठी? तर १५०० पौंडांच्या नुकसानीसाठी. टक्केवारी काढली तर वर्षाला ५८४. एवढा दर ऐकून आमच्याकडचा खेड्यातला सावकारसुद्धा कानाला हात लावेल. दुसऱ्या रीतीनं सांगतो : १५०० भागिले २४ म्हणजे साडेबासष्ट. हा सौदा आपल्याला फायद्याचा ठरायचा, तर दर बासष्ट दिवसांच्या आत ती गाडी एकदा चांगली सपाटून ठोकली पाहिजे. म्हणजे वर्षातून सहा वेळा. मी गेली अठरा वर्षं पुण्यात गाडी चालवतो आहे. त्या प्रमाणात ठोकत गेलो असतो तर आज माझ्याकडे गाडी नसती, आणि बहुधा मीही नसतो.

खरं म्हणजे याच १५०० पौंडांसाठी मी निघण्यापूर्वीच एका वेगळ्या विमा कंपनीकडून पॉलिसी घेतली होती. सात दिवसांचे ३० पौंड. त्यात काचा आणि टायरही होते. ती मी खिडकीवर ठेवली. मुलानं ती लांबूनच पाहिली, जशी आमचे हेड कॅशियर फाटकी नोट पाहतात तशी, आणि म्हणाला, "ही आम्हाला चालत नाही. नुकसान झालं तर आधी आम्हाला पैसे द्यायचे, मग तुम्ही त्यांच्याकडून मागा. आमचा विमा घेणार नसाल तर कार्डावर १५०० पौंड अडकवून ठेवावे लागतील. घेतलात तर फक्त २००."

इथे माझ्यातला बँकवाला जागा झाला. १५०० पौंड म्हणजे सुमारे पावणेदोन लाख रुपये. माझ्या क्रेडिट कार्डाची मर्यादा दोन लाख. म्हणजे विमा नाकारायचा अधिकार मला पूर्ण आहे; फक्त तो बजावला तर आठवडाभर परक्या मुलखात चार माणसांनी उरलेल्या पंचवीस हजारांत भागवायचं. याला ते 'ऐच्छिक' म्हणतात. आपल्याकडे शाळाप्रवेशाच्या वेळी 'ऐच्छिक देणगी' असते, तिचाच हा साहेबी मावसभाऊ. इच्छा तुमची, पण मुलगा दारातच उभा.

आमच्या पुढे रांगेत सांगलीकडचे एक निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांच्या पत्नी होत्या. नातवाच्या बारशाला आले होते. त्यांनी या प्रश्नोत्तरांत पाचच मिनिटं घालवली आणि सगळ्या रकान्यांत सह्या केल्या. मी विचारलं, "सर, भाड्यापेक्षा विमा जास्त आहे, बघितलंत का?" ते म्हणाले, "बघितलं हो. पण परक्या देशात कशाला कटकट?"

मंडळी, हा सगळा धंदा या एका वाक्यावर उभा आहे. ज्या माणसानं आयुष्यभर मुलांना सरळ व्याज आणि चक्रवाढ व्याज शिकवलं, त्याला तो हिशेब कळला नव्हता असं थोडंच आहे? त्याला कळला होता. पण समोर परकी खिडकी, मागे खोळंबलेली रांग, शेजारी थकलेली बायको आणि डोळ्यांसमोर १५०० पौंडांचा बागुलबुवा. पेन्शनीतून साठवलेले ते पैसे होते. नातवाला सोन्याची साखळी घालायची की गाडीच्या बंपरला, हा निर्णय त्यांनी शांत डोक्यानं, घरी चहा पीत घेतलेला नव्हता. त्यांच्याकडून तो झोपेत घेववला होता.

आणि दोष त्या मुलाचाही नव्हता. मी तिसऱ्यांदा नाही म्हटल्यावर त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि हळूच हिंदीत म्हणाला, "अंकलजी, टार्गेट है." ते दोन शब्द ऐकले आणि मला एकदम आमच्या शाखेत बसल्यासारखं झालं. कर्जाला आलेल्या माणसाला विमा विका, लॉकर मागणाऱ्याला विमा विका, हे वरून येणारं संगीत जगभर एकाच रागात चालतं. आमच्याकडे निदान, कर्जाच्या गळ्यात विमा सक्तीनं बांधू नका असं सरकार बँकांना अधूनमधून दटावत तरी असतं. त्या मुलाला मी म्हटलं, "बेटा, तुझं टार्गेट दुसऱ्या कोणावर पूर्ण होवो, असंही मी म्हणणार नाही. तुझ्या साहेबाला हे टार्गेट दिवसभर खिडकीत उभं राहून स्वतः पूर्ण करायला लागो." तो हसला. आणि त्यानं १५०० पौंड अडकवले.

अडकवताना यंत्रानं प्रेमानं विचारलं : पौंडात की रुपयात? परदेशात रुपयाचा आकडा दिसला की माणसाला माहेरचं कोणी भेटल्यासारखं वाटतं. पण हे माहेरचं माणूस जाताना चमचे घेऊन जातं. त्या रुपयाच्या दरात यंत्रवाल्यांचा चांगला काही टक्क्यांचा फायदा आधीच मिसळलेला असतो. वाचकहो, एवढं एक लक्षात ठेवा : परदेशात यंत्रानं कधीही विचारलं, तर ज्या देशात उभे असाल त्या देशाचंच नाणं निवडायचं. हा लेख इथेच मिटलात तरी चालेल, पुस्तकाची किंमत वसूल झाली.

मग गाडी ताब्यात घेण्याचा सोहळा. एका कागदावर गाडीचा आराखडा आणि त्यावर जुन्या ओरखड्यांच्या तीन फुल्या. "बरोबर असेल तर सही करा." इथे आमच्या सौ. पुढे झाल्या. बोहारणीशी वीस वर्षं व्यवहार केलेली बाई ती. भांड्याला पोचा कुठे आहे हे तिला बोटानं कळतं. तिनं गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि चौदा ओरखडे काढले. कन्येनं प्रत्येकाचा फोटो घेतला. तीनच्या चौदा फुल्या होईपर्यंत सौ.नी किल्लीला हात लावू दिला नाही. आता तुम्हीच सांगा, या अकरा फुल्या कागदावर का नव्हत्या? विसरल्या म्हणावं, तर नेमक्या कंपनीच्या फायद्याच्या बाजूलाच कशा विसरल्या? आमच्या बँकेत रोख मोजताना चूक होते तेव्हा कधी पैसे कमी भरतात, कधी जास्त. चूक नेहमी एकाच बाजूला झुकायला लागली की तिला आम्ही चूक म्हणत नाही. तपासनीस बोलावतो.

दंडाचं प्रकरण तर आणखी वरचं. लंडनच्या मध्यभागात शिरायला २००३ पासून गर्दीचा आकार आहे. लंडनच्या पूर्वेला थेम्स ओलांडायची तर पैसे दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत भरायचे. २०१४ पासून तिथे नाकंच नाही, फक्त कॅमेरे. हीथ्रोच्या दाराशी माणूस सोडायलासुद्धा २०२१ च्या नोव्हेंबरपासून पैसे पडतात. हे त्या देशाचे कर आहेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार पुढे आहे. परक्या माणसाच्या नजरेतून यातलं एखादं सुटलं, तर नोटीस गाडीच्या मालकाला जाते. मालक कळवतो की, त्या दिवशी गाडी अमक्याकडे होती. हे एक नाव कळवण्याचे आमच्या करारात ४० पौंड होते! दंड निराळा. नुसतं माझं नाव सांगण्याचे ४० पौंड. लग्नाच्या उखाण्यात नाव घ्यायलासुद्धा कोणी एवढं मागत नाही.

आमच्या शाखेतले एक मित्र या कंपन्यांची बाजू घेतात. ते म्हणतात, "अहो, मूळ भाडं इतकं कमी ठेवतात, ते कुठून तरी भरून काढणारच ना? आणि लोक गाड्या ठोकतातही." दोन्ही गोष्टी खऱ्या. पण मग ते भाडं कमी नाहीच, एवढंच यातून सिद्ध होतं. साडी चाळीस रुपयांना विकायची आणि काठ-पदराचे वेगळे हजार घ्यायचे, याला स्वस्त साडी म्हणत नाहीत. शिवाय ज्याला हा खेळ ठाऊक आहे तो १६१ पौंडांत फिरतो आणि त्याच्या स्वस्ताईचे पैसे सांगलीचे मुख्याध्यापक भरतात. मला मिळालेली सवलत त्यांच्या खिशातून आली, हे मला मुळीच भूषणावह वाटत नाही.

आणि यावर उपाय नाही असंही नाही. २०१७ साली पाच मोठ्या कंपन्यांनी आपले व्यवहार अधिक स्वच्छ करण्याची हमी पाळल्याचं युरोपीय आयोगानं जाहीर केलं. विलायतेत एप्रिल २०२५ पासून सक्तीचे आकार आधीच्या किमतीत धरूनच दाखवावे लागतात. आपल्याकडेही नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन व्यवहारांतल्या अशा तेरा क्लृप्त्यांवर बंदी आली. नकार देणाऱ्या गिऱ्हाइकाला लाजवणं हीसुद्धा तिच्यात एक आहे. पण या सगळ्या चाळणीतून 'ऐच्छिक' हा एक शब्द अलगद निसटतो. जे सक्तीचं ते किमतीत आलं. मग जे सक्तीचं करायचं त्याला ऐच्छिक म्हटलं की झालं.

कर्जाच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेनं आमची ही सोय ठेवलेली नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्ज देताना आम्हाला कर्जदाराच्या हातात एक कागद द्यावा लागतो. त्यावर व्याज, शुल्कं आणि बँकेनं दुसऱ्यांच्या वतीनं घेतलेले विम्याचे पैसेसुद्धा धरून वर्षाचा एकच दर लिहायचा असतो. सुरुवातीला आम्ही कुरकुरलो. पण त्यामुळे बँका काही बुडाल्या नाहीत. जे पुण्याच्या शाखेत जमतं ते हीथ्रोला जमू नये?

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. गाडी ठरवताना, घरबसल्या, उघड्या आकड्याच्या शेजारी तितक्याच ठळक अक्षरात दुसरा आकडा असावा : पूर्ण विम्यासकट, एक पैसाही जास्त पडणार नाही असा. खिडकीवर त्यानंतर काहीही विकायला बंदी असावी. विमा घेतला नाही म्हणून कार्डावरची रक्कम फुगवू नये. आणि गाडी परत देताना जो ओरखडा माझ्या डोळ्यांदेखत दाखवता येत नाही, तो मी गेल्यावर उगवू नये. आमची गाडी आम्ही चौदाच्या चौदा ओरखड्यांसह परत केली. पंधरावा सापडला नाही. तरी ते १५०० पौंड सुटायला पुढे नऊ दिवस लागले. एवढ्या वेळात आमच्या शाखेत मेलेल्या माणसाचं खातं वारसाच्या नावावर होतं. निदान व्हायला हवं.

हे सगळं कंपन्यांना एकदम झेपणार नसेल, तर मी सोपी तडजोड सुचवतो. गाडी जर 'किंवा तत्सम' चालत असेल, तर पैसेही तसेच चालावेत. त्यांनी १६१ पौंडांचं बिल द्यावं, आणि आम्ही खिशातून काढू ते एकशे एकसष्ट पौंड, किंवा तत्सम.